सुभद्राबाईंची कार्यमुक्ती

देवानंद गावंडे यांना सल्ला देण्याचा नाद आहे, असं कोणी म्हटलं की ते रागावत. नाद पत्त्यांचा असतो, नाद तंबाखूच्या खर्ऱ्याचा असतो. आपण करतो ते मार्गदर्शन, अशी त्यांची समजूत होती. दर्यापूरच्या तहसील कचेरीतून ते अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले, तेव्हा निरोपाच्या कार्यक्रमात साहेब म्हणाले होते, "गावंडे म्हणजे चालताबोलता नियम." साहेबांना त्या महिन्यात आणखी दोन निरोप उरकायचे होते आणि हेच वाक्य त्यांनी तिथंही वापरलं, ही गोष्ट वेगळी. गावंड्यांनी ते मनावर घेतलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी ओसरीत टेबल टाकलं, समोर प्लास्टिकच्या खुर्च्या मांडल्या आणि ते वाट पाहत बसले.

लोक येऊ लागले, कारण फुकट होतं. कोणाचा फेरफार अडला, कोणाचा उत्पन्नाचा दाखला, कोणाची पेन्शन. गावंडे डोळे मिटून ऐकत, मग डोळे उघडून म्हणत, "नियम सगळीकडं एकच असते. खातं बदलते, नियम बदलत नाही." पुष्कळदा काम होऊनही जाई. झालं की मार्गदर्शनामुळे झालं आणि नाही झालं की त्या माणसानं मधेच कोणाचं तरी दुसऱ्याचं ऐकलं, असा हिशोब असल्यामुळे त्यांची कीर्ती कधी कमी झाली नाही. त्यांची बायको रागिणी आतून एवढंच म्हणे, "सारं जग मार्गी लावा तुमी, मोरीतला नळ तेवढा तसाच गळू द्या."

मतदानाच्या दिवशी दुपारी या ओसरीवर सुभद्राबाई आल्या. त्या शेजारच्याच घरात राहत. वय सत्तरीच्या पुढचं, लुगडं काठाचं, आणि त्या दिवशी तर ठेवणीतलं. त्यांच्या मागून पार्बताबाई, समोरच्या घरची म्हातारी, आपलं शाई लावलेलं बोट पदरात लपवत आली. काहीतरी वाईट घडलंय हे गावंड्यांनी तिथंच ओळखलं, कारण पार्बताबाई काही लपवते म्हणजे हद्दच झाली.

"देवानंदभाऊ," सुभद्राबाई खुर्चीवर न बसताच म्हणाल्या, "मी परदेशी हावो काय?"

आता यातली अडचण अशी होती, की त्या खरोखरच परदेशी होत्या.

त्याचं असं झालं. नवरा नत्थुजी वारले तेव्हा त्यांचा मुलगा अमोल अमेरिकेतून आला आणि आईला घेऊन गेला. ती तिकडं नातवंडं सांभाळत बरीच वर्षं राहिली. एक दिवस अमोलनं तिला चांगलं लुगडं नेसायला लावलं, एका मोठ्या हॉलमध्ये नेलं आणि हात वर करायला सांगितला. समोरचा माणूस भरभर काहीतरी म्हणत होता आणि सगळे त्याच्या मागून म्हणत होते. सुभद्राबाईंनी ओठ हलवले. त्यांना वाटलं, शाळेतल्या प्रतिज्ञेसारखं काहीतरी असेल. शेवटी लोकांनी टाळ्या वाजवल्या, कोणीतरी हातात छोटा झेंडा दिला, त्यांनी तो घरी येऊन नातीला खेळायला दिला. अशा रीतीने नत्थुजींची बायको अमेरिकेची नागरिक झाली आणि हे तिला सोडून सगळ्यांना माहीत होतं.

पुढे तिकडं जीव रमेना म्हणून त्या परत आल्या. इथं राहायला कायमचं कार्ड होतं, घर होतं, शेजार होता. कोणी काही विचारलं नाही. त्यांनीही विचारलं नाही. त्या दिवशी मात्र मतदानाला पार्बताबाईसोबत शाळेत गेल्या, रांगेत उभ्या राहिल्या, आणि यादीत नाव नाही. बाहेर टेबल टाकून बसलेला एका पक्षाचा पोरगा हसून म्हणाला, "आजी, तुमी तं आता फॉरेनच्या. तुमचं मतदान तिकडं." आजूबाजूचे चारदोन लोक हसले. त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं, पण हसले.

"ज्या शाळंत मी पहिलीत बसली, त्या शाळंतून मले वापस धाडलं," सुभद्राबाई म्हणाल्या. "उद्या मी मेली तं दप्तरात काय लिहतीन? अमेरिकेची बाई वारली? नत्थुजी वरून काय म्हनतीन? मले माहा देश वापस पायजे, भाऊ. मरायच्या आंधी पायजे."

गावंड्यांनी डोळे मिटले. नागरिकत्व हा विषय त्यांच्या टेबलावर कधी आला नव्हता. सात-बारा आला होता, रेशनकार्ड आलं होतं, एकदा एकाची म्हैस कोंडवाड्यातून सोडवायची होती तेही आलं होतं. डोळे मिटून ते बराच वेळ बसले. मग उघडून म्हणाले, "होते. साधं काम आहे, वयनी."

साधं काम आहे, हे वाक्य या देशात फार लोकांना भोवलं आहे.

त्यांची मुलगी प्रणाली अकोल्याला वकिली करते. रागिणीच्या आग्रहाखातर, म्हणजे तिने फोन लावून कानाशी धरल्यामुळे, गावंडे तिच्याशी बोलले. प्रणालीनं पुस्तक काढून पाहिलं आणि सांगितलं, "बाबा, होऊ शकते. काकू आधी इथल्याच नागरिक होत्या, तशा माणसाला परत अर्ज करता येते. अर्जाच्या आधी लागून बारा महिने इथं राहिलेलं पाहिजे, त्या तर कधीच्या राहतात. पण तिकडचं आत्ताच सोडायचं नाही. आधी अर्ज, मग इकडून मंजुरीचं पत्र, मग तिकडचं सोडणं. अन् तुम्ही काही करू नका. मी रविवारी येते."

'तुम्ही काही करू नका' हे मुलीनं बापाला म्हणायला नको होतं. गावंडे त्या दिवशी जेवताना तेच घोळवत होते. ज्या मुलीला आपण जातीचा दाखला काढून दिला, ती आपल्याला कागद शिकवते! बरं, ती सांगत होती ती रीतही त्यांना पटेना. सरकारी नोकरीत उभा जन्म गेलेल्या माणसाला एक गोष्ट पक्की ठाऊक असते: आधी जुन्या जागेवरून कार्यमुक्त व्हायचं, मगच नव्या जागी रुजू व्हायचं. ते स्वतः तेल्हाऱ्याहून दर्यापूरला बदलून आले तेव्हा हिवरखेडच्या वसुलीचं काम अर्धवट होतं, म्हणून तिथल्या साहेबानं कार्यमुक्तीचा आदेश दाबून ठेवला. गावंडे तसेच येऊन रुजू झाले. झालं! दोन्ही कचेऱ्या म्हणू लागल्या हा आमचा माणूस नाही, आणि पगार दोन्हीकडून बंद. तेव्हा रागिणीनं माहेरून गहू आणले होते. एवढा धडा मिळाल्यावर माणूस नियम विसरेल काय?

"देश म्हनजे काय शेवटी," ते ओसरीवर म्हणाले, "मोठं खातंच आहे."

गल्लीनंही आपापली मतं दिली. कोपऱ्यावर गुलाम नबीचं गादी-रजईचं दुकान आहे. तो कापूस पिंजता पिंजता म्हणाला, "गावंडेसाहेब, माहा मावसभाऊ कुवेतले होता. तिकडची नोकरी सोडल्याबिगर इकडं त्याले कोनी उभं करत नोतं. पहले उधर का दरवाजा बंद, फिर इधर का खुलता." पार्बताबाई म्हणाली, कागदानं काही होत नाही, कौंडण्यपूरच्या रुक्मिणीला नवस बोला. तीही लग्न होऊन पार द्वारकेला गेली, पण माहेर कौंडण्यपूरच राहिलं की नाही?

"तिले कोनी यादीत नाव नाई म्हनून वापस नाई धाडलं," सुभद्राबाई म्हणाल्या. तरी नवस बोलल्या.

रविवार यायच्या आत गावंडे सुभद्राबाईंना घेऊन मुंबईला निघाले. तिथं अमेरिकेच्या कचेरीत म्हणे सोडचिठ्ठी द्यावी लागते. वेळ वगैरे नेटकॅफेवाल्यानं काढून दिली होती. गावंड्यांना दारावरच अडवलं. आत फक्त अर्जदार. एक निवृत्त अव्वल कारकून दुसऱ्या देशाच्या कचेरीबाहेर फूटपाथवर पिशव्या धरून बसला, हा प्रसंग त्यांनी पुढे कधी कोणाला सांगितला नाही. आतलं सुभद्राबाईंनी सांगितलं ते असं:

"एक गोरा साहेब होता, चांगला होता बिचारा. एक बाई मराठीत समजावून सांगे. त्यानं मले इचारलं, तुमच्यापाशी दुसरा देश आहे काय? मी म्हनलं, आहे, पन अजून कागद नाई. तो म्हने, मंग आज सोडू नका, तुमी कोनाच्याच राहनार नाई. मी म्हनलं, आमचे देवानंदभाऊ म्हनते, आंधी सोडा लागते. त्यानं इचारलं, देवानंदभाऊ कोन? मी म्हनलं, तहसीलात होते. दुसऱ्या डावानं बलावलं, पुन्हा तेच इचारलं. मी पुन्हा तेच सांगतलं. मंग त्यानं सही घेतली."

दर्यापूरला उतरल्यावर गावंड्यांनी पेढे वाटले.

प्रणाली रविवारी आली. पेढा तिच्या हातात होता आणि ती ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं तो परत ताटलीत ठेवला.

"बाबा," ती हळूच म्हणाली, "काकूंना तुम्ही कुठल्याच देशाचं ठेवलं नाही."

"म्हनजे?"

"म्हणजे तिकडचं गेलं. इथं राहायचं कार्ड होतं ते परदेशी नागरिक म्हणून होतं, त्याचाही आता भरवसा नाही. अन् इथलं मिळेलच असं नाही. सरकारनं नाही म्हटलं तर त्या जगात कुठल्याच नाहीत."

"पन नियम..." असं म्हणत गावंड्यांनी पेढ्यांच्या ताटलीवर झाकण ठेवलं. रागिणी एरवी अशा वेळी बोलल्याशिवाय राहत नाही, पण ती नवऱ्याकडे न पाहता आत गेली, आणि गावंड्यांना तेच फार लागलं.

सुभद्राबाईंना हे सांगायला गावंडेच गेले. प्रणाली म्हणाली मी सांगते, तर म्हणाले, नाही. सुभद्राबाई वाल निवडत होत्या. सगळं ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"मंग आता मी कोनाची हावो, भाऊ?"

गावंडे म्हणाले, "पाहतो, वयनी." कुठल्याही कचेरीत 'पाहतो' म्हणजे काय, हे त्या दोघांनाही माहीत होतं.

संध्याकाळी अमोलचा अमेरिकेतून फोन आला. तो आधी आईवर रागावला, मग फोन गावंड्यांना द्यायला सांगून त्यांच्यावर रागावला. "काका, आईला काही झालं तर मी तिला आता इकडं आणूही शकत नाही, समजतं का तुम्हाला? कोणत्या पासपोर्टवर आणू?" गावंडे 'हाव' म्हणाले. तो जे जे बोलला त्याला ते 'हाव' म्हणाले. आयुष्यात त्यांनी कोणाचं एवढं ऐकून घेतलं नव्हतं.

ओसरीवरचं टेबल दुसऱ्या दिवशी मागच्या अंगणात गेलं. त्यावर रागिणीनं कुरड्या वाळत घातल्या.

प्रणालीनं अर्ज भरला. अमेरिकेला जाताना काढलेला जुना भारतीय पासपोर्ट, शाळेचा दाखला, घराची पावती, ओळखीच्यांची प्रतिज्ञापत्रं, सगळं जोडून अमरावतीला कलेक्टर कचेरीत दिलं. आता पोलीस चौकशीला येतील, ही बाई खरंच इथं राहते का एवढंच शेजाऱ्यांना विचारतील, आणि काम पुढे जाईल, असं ती म्हणाली. ती अकोल्याची, तिला या गल्लीची रीत माहीत नसावी. खरं तर ती इथंच वाढली, पण वकील झालेली माणसं अशा गोष्टी विसरतात.

रीत अशी, की खाकी कपड्यातला माणूस कोणाचंही नाव घेऊन विचारू लागला, की ते नाव गल्लीला आठवत नाही. मग तो माणूस समोर बसलेला असो. यात हिंदू नाही, मुसलमान नाही, बापजाद्यांपासून चालत आलेला शेजारधर्म आहे. आज त्याला वाचवा, उद्या तो तुम्हाला वाचवील. गुलाम नबीनं तर एकदा दारात आलेल्या माणसाला 'नबीभाई अकोल्याले गेले, परवा येतीन' असं स्वतःबद्दल सांगून वाटेला लावलं होतं. तो विजेचं बिघडलेलं मीटर दुरुस्त करणारा निघाला, आणि नबीभाईच्या घरी दोन दिवस अंधार राहिला.

तर कुंदन नावाचा हवालदार भर दुपारी गल्लीत आला आणि गादीच्या दुकानापाशी मोटरसायकल लावून म्हणाला, "सुभद्राबाई कुठं राहते इथं?"

गुलाम नबी पिंजण थांबवून म्हणाला, "कोन सुभद्राबाई?"

"नत्थुजीची बायको. अमेरिकेची."

"नत्थुजी गुजर गये साहेब, लय दिवस झाले. बायको तं दिसली नाई कधी."

हवालदार पार्बताबाईच्या दारात गेला. त्या वेळी सुभद्राबाई तिच्याच चुलीपुढे बसून भाकरी थापत होत्या. पार्बताबाईनं दारातून खाकी पाहिली मात्र, मैत्रिणीला पिठाच्या हातांसकट उचलून मागच्या खोलीत ढकललं आणि बाहेरून कडी लावली. "या नावाची बाई इथं नाई बा," ती म्हणाली. "होती एक, ती कवाचीच गेली. वापस नाई आली." सुभद्राबाई आतून ओरडत होत्या, "अवं, मी आहो! मी आहो!" पार्बताबाई म्हणाली, "सून आहे माही. डोक्यानं जराशी अशीच आहे."

गावंडे तेव्हा घरातच होते. पण ते आता कोणाच्या कामात पडत नव्हते. खिडकीतून हवालदार जाताना दिसला तेव्हा ते समाधानानं रागिणीला म्हणाले, "झाली चौकशी."

काही दिवसांनी प्रणालीला अमरावतीहून कळलं: सदर पत्त्यावर सदर महिला राहत नाही व यापूर्वीही राहत असल्याचे दिसून आले नाही. म्हणजे आता सुभद्राबाई अमेरिकेच्या नव्हत्या, भारताच्या नव्हत्या, आणि दर्यापूरच्याही नव्हत्या. तेल गेलं, तूप गेलं, आणि धुपाटणं ज्या घरात ठेवायचं त्या घरात त्या राहतच नव्हत्या.

प्रणालीनं फेरचौकशीचा अर्ज दिला आणि गावंड्यांना म्हणाली, "बाबा, गल्लीला समजावून सांगा. एवढं एकच करा."

गावंड्यांच्या अंगात जीव आला. त्यांनी गुलाम नबीच्या दुकानात गादीवर उभं राहून सगळ्यांना झापलं. लाजा नाही वाटत? ज्या बाईनं तुमच्या पोरांच्या पाचव्या पुजल्या तिला नाही म्हणता? गल्ली मान खाली घालून ऐकत होती. पार्बताबाई तर रडू लागली. आपण मैत्रिणीचा देश बुडवला, असं तिला वाटलं. "आता या म्हना त्या हवालदाराले," ती डोळे पुसत म्हणाली, "असं सांगतो का त्याचा बापबी नाई इसरनार."

आणि तिने तसंच सांगितलं. कुंदन हवालदार दुसऱ्यांदा आला तेव्हा त्याला मोटरसायकल लावायलाही वेळ मिळाला नाही. सगळी गल्ली धावली. सुभद्राबाई इथंच राहते! इथंच जन्मली! एक दिवस गाव सोडलं नाही बाईनं!

"अमेरिकेले गेलती नं?" हवालदारानं विचारलं.

"कोन?" पार्बताबाई कडाडली. "सुभद्रा? ती अकोल्याच्या पुढं गेली नाई कधी! मी रोज पाह्यतो तिले. रोज!"

"अमेरिका तर साहेब तिनं टीव्हीवर बी पाह्यली नाई," गुलाम नबीनं भर घातली. त्याला वाटलं, जेवढं जास्त सांगू तेवढं काम पक्कं.

हवालदार माणूस इमानी होता. ऐकलं तसं त्यानं लिहिलं. आता कचेरीपुढे प्रश्न असा पडला, की ही बाई जर कधीच अमेरिकेला गेली नाही, तर अमेरिकेचं नागरिकत्व सोडलं ते कोणी? कागदावर फोटो कोणाचा? ही बाई खरी की ती? अर्जदारानं साक्षीदारांसह समक्ष हजर राहावं, अशी नोटीस आली.

नोटीस वाचून सुभद्राबाई हसल्या नाहीत आणि रडल्याही नाहीत. त्या म्हणाल्या, "आता मी मीच हावो का नाई, हे बी सिद्ध करा लागते." त्या रात्री त्या जेवल्या नाहीत, असं पार्बताबाईनं येऊन सांगितलं. गावंड्यांनी ते ऐकलं आणि त्यांच्याही हातातला घास हातातच राहिला.

अमरावतीला सगळी गल्ली एका जीपमध्ये कोंबून गेली. कलेक्टर कचेरीच्या पायऱ्या गावंडे सगळ्यांच्या मागून चढले. नोकरीत या इमारतीत ते कितीदा बैठकीला आले होते! इथले शिपाई त्यांना नावानं ओळखत. आजही एकानं ओळखलं, "काय गावंडेसाहेब, इकडं कुठं?" ते म्हणाले, "सहज."

आत आरती मॅडम नावाच्या अधिकारी होत्या, वयानं प्रणालीएवढ्या. त्यांच्यापुढे दोन्ही अहवाल होते. त्यांनी चष्म्यावरून गल्लीकडे पाहिलं.

"पहिल्यांदा तुम्ही म्हणालात, बाई इथं राहत नाहीत. दुसऱ्यांदा म्हणालात, बाई कधी कुठं गेल्याच नाहीत. खरं काय?"

गुलाम नबी हात जोडून पुढे आला. "मॅडम, दोन्ही खोटं. पयल्या डावानं पोलीस पाहून भेलो. दुसऱ्या डावानं बाईसाठी भेलो. बाई इथं राहते. मधात पोराकडं गेलती अन् वापस आली. हे खरं."

"आणि हे आधी का नाही सांगितलं?"

"मॅडम, कोनी साधं इचारलंच नाई. नाव घेऊन इचारते तं आमाले वाटते, उचलून न्यायले आले."

मॅडमनी पुढचा कागद उचलला. "आणि बाई, सरकारचं पत्र यायच्या आधीच तुम्ही तिकडचं नागरिकत्व कसं सोडलं? असं कोणी करत नाही. इथं शेरा आहे, हेतू संशयास्पद. कोणी सांगितलं तुम्हाला?"

सुभद्राबाईंनी नाव घेतलं नाही. त्यांनी गावंड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रणाली काहीतरी कायद्याचं बोलायला लागली, पण गावंडे खुर्चीतून उठले. त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली, साहेबापुढे उभं राहताना लावत तशी.

"मी सांगतलं, मॅडम. मी देवानंद गावंडे, दर्यापूर तहसीलातून अव्वल कारकून म्हणून निवृत्त. बाईचा काही हेतू नाही. त्यांनी माझं ऐकलं."

"तुम्हाला नागरिकत्वाच्या कायद्याची माहिती होती?"

खोलीत सगळी गल्ली होती. दाराशी तो ओळखीचा शिपाई होता. गावंड्यांच्या तोंडून चाळीस वर्षांत न निघालेलं वाक्य निघालं.

"नव्हती, मॅडम. मले काहीच माहीत नव्हतं."

"लिहून द्याल?"

त्यांनी लिहून दिलं. अक्षर त्यांचं आयुष्यभर वळणदार होतं. याही कागदावर तसंच उमटलं. 'मला या विषयाचे ज्ञान नसताना मी सल्ला दिला, अर्जदार बाई निर्दोष आहेत.' सही करून त्यांनी कागद सरळ धरून दिला. परतताना जीपमध्ये सुभद्राबाई त्यांच्या शेजारी बसल्या. "एवढं कायले केलं, भाऊ?" त्या म्हणाल्या. गावंडे खिडकीबाहेर कापसाच्या पऱ्हाटीकडे पाहत राहिले.

मग वाट पाहणं आलं. सरकारी काम आणि सहा महिने थांब म्हणतात, पण म्हणणाऱ्याला दिल्लीचा अंदाज नसावा. या दिवसांत सुभद्राबाईंना ताप जरी आला तरी गल्ली हवालदिल होई. "आता मरू नको बाई," पार्बताबाई काढा पाजत म्हणे, "आंधी कागद येऊ दे." गावंडे रोज सकाळी येऊन 'बरं आहे ना, वयनी?' विचारत, आणि सल्ला एकही देत नसत. एकदा त्यांनी सांगितलं की सुंठ घ्या, आणि लगेच म्हणाले, "पन डॉक्टरले इचारून घ्या."

शेवटी पत्र आलं. मंजूर. अमरावतीला येऊन शपथ घ्यायची, मग प्रमाणपत्र.

या खेपेला पत्रात फक्त अर्जदाराचं नाव होतं, पण गल्ली कशाला ऐकते? सगळे आले. आरती मॅडमनी सगळ्यांना भिंतीपाशी उभं राहू दिलं. शपथेचा कागद पुढे केला आणि म्हणाल्या, "आजी, माझ्या मागून म्हणा."

"थांबा," सुभद्राबाई म्हणाल्या. "मांगच्या वेळी असंच म्हने मागून म्हना. मी म्हनलं अन् माहा देश गेला. आधी मले सांगा, यात काय लिहलं आहे. समजल्याबिगर मी ओठ हलवत नाई."

मॅडमनी गावंड्यांकडे पाहिलं. "तुम्ही समजावता का त्यांना?"

सगळी गल्ली वळून पाहू लागली. गावंड्यांनी मान हलवली. "तुमीच सांगा, मॅडम. बरोबर सांगसान."

मग मॅडमनी सांगितलं. संविधान म्हणजे काय, त्याच्याशी निष्ठा म्हणजे काय, कायदा पाळायचा म्हणजे काय. सुभद्राबाई मधे मधे विचारत होत्या. कर्तव्य म्हणजे मतदान आलं का त्यात? आलं. शेजाऱ्याशी नीट राहणं? मॅडम कागद बाजूला धरून म्हणाल्या, तेही आलं. बाहेर दुसरे लोक खोळंबले होते, शिपाई दोनदा डोकावून गेला, पण मॅडमनी घाई केली नाही.

"आता म्हना," सुभद्राबाई म्हणाल्या.

"मी गांभीर्यपूर्वक प्रतिज्ञा करते की..."

सुभद्राबाईंनी म्हटलं. आणि त्यांच्या मागून भिंतीकडूनही आवाज आला. पार्बताबाई म्हणत होती. रागिणी म्हणत होती. गुलाम नबी टोपी सारखी करून, हात बांधून म्हणत होता.

मॅडमनी कागद खाली केला. "तुम्ही कशाला म्हणताय? शपथ त्यांची आहे. तुम्हाला गरज नाही, तुम्ही नागरिकच आहात."

गुलाम नबी खाली पाहत म्हणाला, "गरज नाई, मॅडम. आमी जन्मलो तसेच इथले. पन आमाले हे कधी कोनी म्हनायले लावलंच नाई. आज आलोच आहो, तं एकदा म्हनून घेऊ द्या."

जन्मभर गावंड्यांनी दुसऱ्यांच्या कागदांवर शिक्के मारले, पण हे वाक्य पूर्ण त्यांनीही कधी म्हटलं नव्हतं. ते पुढे झाले आणि नबीच्या शेजारी उभे राहिले.

आरती मॅडमनी खुर्ची मागे सारली, स्वतः उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "बरं. पहिल्यापासून."

पहिल्यापासून सुरू झालं. सगळ्यांत मोठा आवाज सुभद्राबाईंचा होता, आणि त्या एकेक शब्द थांबून थांबून म्हणत होत्या, त्यामुळे बाकी सगळ्यांना त्यांच्या मागूनच म्हणावं लागलं.